माइनक्राफ्टमधला वेळ खऱ्या घड्याळात कसा मोजायचा

माइनक्राफ्टचा एक दिवस म्हणजे आपली २० मिनिटं, हे खेळणाऱ्या बहुतेकांना पाठ असतं. हिशेब चुकायला सुरुवात तिथूनच होते, कारण त्या एका वाक्यावरून लोक सगळंच मोजू पाहतात: ऊस किती वेळात वाढेल, फर्नेस (भट्टी) कधी मोकळी होईल, मेल्यावर सामान किती वेळ पडून राहील. मग रात्री पलंगावर झोपून उठतात, सूर्य वर आलेला असतो, आणि फर्नेसमधलं लोखंड मात्र होतं तिथेच. ऊसही बोटभर वाढलेला नसतो. आपली रात्र गेली कुठे, हा प्रश्न मला नव्याने खेळायला लागलेली मुलं हमखास विचारतात.

त्याचं उत्तर असं की या खेळात घड्याळं तीन आहेत. पहिलं टिकांचं, दुसरं आकाशाचं आणि तिसरं फाशांचं. आपल्याला जे मोजायचं आहे ते यांतल्या कुठल्या घड्याळावर चालतं, एवढं आधी ठरवायचं. पुढचं गणित चौथीच्या भागाकाराएवढंच आहे.

खालचे आकडे जावा आवृत्तीचे आहेत. फोनवर चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीतही टिकाची आणि दिवसाची लांबी तीच आहे. मोठा फरक पडतो तिथे तो वेगळा सांगितला आहे.

पहिली पायरी: टिक

खेळ आपलं जग सेकंदाला २० वेळा पुढे सरकवतो. त्यातल्या एका पावलाला टिक म्हणतात. म्हणजे एक टिक ०.०५ सेकंदाचा. फर्नेसमधली भाजणी, कोंबडीचं अंडं, पोशनचा म्हणजे जादूच्या औषधाचा परिणाम, हॉपर नावाच्या नरसाळ्यातून सरकणारी वस्तू, हे सगळं टिकांत मोजलं जातं.

टिकांवरून सेकंद काढायचे तर २० ने भागा. तोंडी करायचं असेल तर शेवटचं शून्य उडवा आणि उरेल त्याचं निम्मं करा. ६,००० टिक घ्या. शून्य उडवलं की ६००, निम्मे ३००. झाले ३०० सेकंद, म्हणजे ५ मिनिटं. थेट मिनिटं हवी असतील तर १,२०० ने भागा, तास हवे असतील तर ७२,००० ने.

फर्नेसचं उदाहरण पूर्ण करून बघू, कारण रोज लागतं. एक वस्तू भाजायला २०० टिक, म्हणजे १० सेकंद. कोळशाचा एक तुकडा १,६०० टिक जळतो, म्हणजे ८० सेकंद, त्यात ८ वस्तू होतात. ६४ चा पूर्ण गठ्ठा भाजायला ८ कोळसे आणि ६४० सेकंद लागतात, म्हणजे १० मिनिटं ४० सेकंद. लाव्हाची बादली २०,००० टिक पुरते: १०० वस्तू, १६ मिनिटं ४० सेकंद. गठ्ठा ६४ चाच असल्यामुळे त्या बादलीतली ३६ वस्तूंची आग बहुतेक वेळा वाया जाते. म्हणून लाव्हा घालायची तर वर हॉपर लावून कच्चा माल सतत येईल अशी सोय करा. ब्लास्ट फर्नेस (धातूंची भट्टी) आणि स्मोकर (अन्नाची भट्टी) दुप्पट वेगाने चालतात, त्यामुळे त्यांत वेळेचे आकडे निम्मे.

याच घड्याळावरची बाकीची माणसं-जनावरंही एकदा बघून ठेवा. कोंबडी ५ ते १० मिनिटांच्या दरम्यान कधीतरी अंडं घालते. जनावरांची जोडी एकदा लावली की पुन्हा लावायला ५ मिनिटं थांबावं लागतं. वासराची गाय व्हायला २४,००० टिक, म्हणजे २० मिनिटं. गहू खाऊ घातला तर दर वेळी उरलेल्या वेळेतले १० टक्के कमी होतात, त्यामुळे सुरुवातीला घातलेला गहू शेवटी घातलेल्यापेक्षा जास्त कामी येतो. ब्रूइंग स्टँडवर पोशनची एक पायरी २० सेकंदांची. झॉम्बी झालेल्या गावकऱ्याला बरं करायला घेतलं की ३ ते ५ मिनिटं.

एक अट मात्र सगळ्यांना लागू आहे. आपण खूप लांब गेलो की मागचा चंक, म्हणजे जगाचा तेवढा तुकडा, थांबतो, आणि तिथली फर्नेस, कोंबडी, वासरू सगळेच थांबतात. घरी दहा मिनिटांचं काम लावून दोन हजार ब्लॉक (ठोकळे) दूर खाणीत गेलात, तर परतल्यावर ते काम जवळपास होतं तिथूनच पुढे सुरू होईल.

दुसरी पायरी: आकाश

खेळातला पूर्ण दिवस २४,००० टिकांचा. म्हणजे १,२०० सेकंद, २० मिनिटं. आपल्या २४ तासांत खेळातले ७२ दिवस बसतात, म्हणून गुणोत्तर १ ला ७२. खेळातला एक तास १,००० टिकांचा, आपले ५० सेकंद.

मोजणी मध्यरात्रीपासून होत नाही, सकाळी ६ पासून होते. टिक ० म्हणजे सकाळचे ६, ६,००० म्हणजे दुपारचे १२, १२,००० म्हणजे संध्याकाळचे ६ आणि १८,००० म्हणजे मध्यरात्र. चीट (खेळाला आज्ञा देण्याची मुभा) चालू असतील तर इंग्रजी अक्षरांत ‘टाइम क्वेरी डेटाइम’ ही आज्ञा द्या, त्या घडीचा टिक मिळतो.

समजा उत्तर आलं १३,७५०. हजारांचा आकडा १३, त्यात ६ मिळवा: १९, म्हणजे संध्याकाळचे ७. उरलेल्या ७५० ला ०.०६ ने गुणा: ४५ मिनिटं. म्हणजे पावणेआठ झालेत आणि बाहेर झॉम्बी फिरायला लागलेत. बेरीज २४ किंवा जास्त आली तर २४ वजा करा. उलटं जायचं असेल, म्हणजे दुपारी साडेतीनचा टिक हवा असेल, तर १५.५ मधून ६ वजा करून हजाराने गुणा: ९,५००. पहाटे सव्वाचारसाठी आधी २४ मिळवायचे: २८.२५ वजा ६, म्हणजे २२,२५०.

रोजच्या खेळात यातला एकच टिक पाठ असावा असं मला वाटतं: १२,५४२. आभाळ निरभ्र असेल तर त्या क्षणापासून पलंगावर झोपता येतं. घड्याळात ती वेळ येते संध्याकाळी ६ वाजून ३२ मिनिटं. पाऊस असेल तर जरा आधीच, १२,०१० ला झोपता येतं, आणि विजा कडाडत असतील तर केव्हाही. आता भर दुपारी १२ वाजता घराबाहेर पडलात तर हाताशी किती वेळ आहे? १२,५४२ वजा ६,००० म्हणजे ६,५४२ टिक. २० ने भागले की ३२७ सेकंद, साधारण साडेपाच मिनिटं. धावण्याचा वेग सेकंदाला ५.६ ब्लॉक आहे. जाऊन-येऊन साडेपाच मिनिटांत फार तर १,८०० ब्लॉक होतात, म्हणजे घरापासून ९०० ब्लॉकच्या पुढे जाणार असाल तर पलंग सोबत घ्या.

गावकऱ्यांचा दिनक्रमही आकाशाच्या घड्याळावर बांधलेला आहे. ते २,००० ला, म्हणजे सकाळी ८ ला कामाला लागतात, ९,००० ला म्हणजे दुपारी ३ ला घंटेपाशी जमतात आणि १२,००० ला झोपायला जातात. त्यांची कामाची पाळी आपल्या ५ मिनिटं ५० सेकंदांची. व्यापार संपला असेल तर माल पुन्हा भरायला त्यांना आपल्या कामाच्या जागेपाशी जावं लागतं, म्हणून संध्याकाळी सौद्यावर लाल फुली आली की तिथे ताटकळण्यात अर्थ नाही.

चंद्राच्या कला आठ. एक फेरा ८ दिवसांचा, म्हणजे १६० मिनिटं, २ तास ४० मिनिटं. दलदलीत स्लाइम नावाचे लिबलिबीत प्राणी शोधणाऱ्यांना पौर्णिमेची रात्र धरायची असते, तेव्हा एक हुकली की पुढची एवढ्या वेळाने, अर्थात मधल्या रात्री जागून काढल्या तर.

झोप घेतली की नेमकं काय होतं

माझ्या मते सगळ्या विषयाची मेख इथे आहे. झोपल्यावर फक्त आकाशाचं घड्याळ पुढे ढकललं जातं. टिकांचं घड्याळ झोपेचे जे पाचेक सेकंद जातात तेवढंच सरकतं. ‘टाइम ॲड’ या आज्ञेचंही तसंच. एक दिवस पुढे ढकला, सूर्य गोल फिरून येईल, पण वासरू वासरूच राहील.

याची किंमत आकड्यांत बघा. १२,५४२ ला रोज झोपणाऱ्या खेळाडूचा खेळातला एक दिवस ६२७ सेकंदांचा होतो, म्हणजे जेमतेम साडेदहा मिनिटांचा. तेवढ्यात एक फर्नेस ६२ वस्तू भाजते. गठ्ठासुद्धा पूर्ण होत नाही. रात्रभर जागणाऱ्याच्या फर्नेसमधून त्याच दिवसात १२० निघतात.

शंभर दिवस टिकून दाखवण्याचं आव्हान मुलांमध्ये फार चालतं. एकही रात्र न झोपता ते करायचं तर २,००० मिनिटं लागतात: ३३ तास २० मिनिटं. रोज वेळेवर झोपलं तर झोपेचे सेकंद धरूनही काम साडेसतरा तासांत होतं. जवळजवळ निम्मा फरक. कोणी अमुक दिवस टिकलो असं सांगितलं की झोपत होता का, हे विचारल्याशिवाय त्या आकड्यावरून खेळाचे तास काढता येत नाहीत.

न झोपण्यालाही मर्यादा आहे. शेवटच्या झोपेपासून ७२,००० टिक, म्हणजे बरोबर एक तास खेळ झाला की रात्री फँटम नावाचे उडणारे राक्षस डोक्यावर घिरट्या घालू लागतात.

घरात मुलं खेळत असतील आणि ‘आई, अजून एकच दिवस’ अशी मागणी आली, तर आधी त्यांना विचारा की रात्री झोपणार की खाणीत उतरणार. पहिल्यात दहा मिनिटं जातील, दुसऱ्यात वीस. दोन्ही आकडे त्यांना समजावून सांगितलेत तर मुलं स्वतःच वेळ कबूल करतात आणि पाळतातही, कारण खेळ मधेच तोडण्याऐवजी पहाटेच्या सोयीच्या जागी थांबता येतो.

जावाच्या १.२०.३ आवृत्तीपासून ‘टिक स्प्रिंट’ अशी आज्ञा आली आहे. ती ‘टाइम ॲड’पेक्षा मुळातच वेगळी आहे: ती टिकच भराभर पळवते. तिने फर्नेस चालते, वासरू मोठं होतं, ऊस वाढतो. नवं शेत किंवा यंत्र तपासायचं असेल तर हीच वापरा.

तिसरी पायरी: फासे

पिकांचा प्रकार निराळा. जगाचे १६×१६×१६ चे खण पाडलेले असतात, एका खणात ४,०९६ ब्लॉक. दर टिकाला प्रत्येक खणातून ३ ब्लॉक चिठ्ठी काढल्यासारखे निवडले जातात. ज्याची चिठ्ठी निघेल त्यालाच वाढायची संधी. म्हणजे एका ठराविक ब्लॉकचा नंबर सरासरीने ४,०९६ ÷ ३ = १,३६५ टिकांनी लागतो, साधारण ६८ सेकंदांनी. पण ही झाली सरासरी. एखाद्याचा नंबर दहा सेकंदांत लागेल, शेजारच्याचा चार मिनिटं लागणार नाही. बेडरॉकमध्ये हा ३ चा आकडा मुळात १ असतो, म्हणून पुढचं गणित तिथे जसंच्या तसं लावू नका.

उसाला एक ब्लॉक उंच व्हायला असे १६ नंबर लागतात. १६ × ६८ सेकंद, म्हणजे सरासरी १८ मिनिटं. नुकती लावलेली कांडी तीन ब्लॉक उंच व्हायला त्याच्या दुप्पट, ३६ मिनिटांच्या आसपास. उंच झाला की लगेच कापला जाईल असं यंत्र लावलं असेल तर एका रोपाला तासाला ३.३ कांड्या पडतात. ५० रोपांच्या शेतातून तासाला साधारण १६५. कागद आणि पुस्तकांसाठी किती रोपं लावायची ते या आकड्यावरून उलटं काढता येतं.

गव्हाची गोष्ट त्याहून मजेदार आहे, कारण तिथे पेरणीची पद्धत वेळ बदलते. गव्हाला बीपासून पिकेपर्यंत ७ टप्पे पार करायचे असतात. जमीन ओली असेल, आजूबाजूलाही ओली नांगरट असेल आणि एक ओळ गहू, एक ओळ दुसरं काही अशी पेरणी असेल, तर नंबर लागल्यावर वाढ होण्याची शक्यता तीनात एक असते. ७ × ३ × ६८ सेकंद, म्हणजे सरासरी २४ मिनिटं. तेच शेत सगळीकडे फक्त गव्हाने भरून टाकलंत तर शक्यता सहात एक होते आणि वेळ दुप्पट, ४८ मिनिटं. गव्हाच्या दोन ओळींत गाजराची किंवा बटाट्याची ओळ टाकली की काम झालं. आंतरपीक घेणाऱ्यांना हे सांगायला नको. रात्रीही वाढ चालू राहावी म्हणून शेतात मशाली लावायच्या. उजेड पुरेसा नसेल तर नंबर लागूनही गहू जागचा हलत नाही.

फाशांच्या घड्याळावर नेमकी वेळ सांगता येत नाही, सरासरीच सांगता येते, आणि ती एका रोपापेक्षा मोठ्या शेतावर जास्त खरी उतरते. शंभर रोपांचं शेत बघितलंत तर २४ मिनिटांनी काही अजून हिरवी असतील, काही केव्हाच पिकलेली.

मेल्यावरची पाच मिनिटं

खाली पडलेल्या वस्तू ६,००० टिकांनी नाहीशा होतात. ही ५ मिनिटं मरणाच्या क्षणापासून सलग धावतात असं समजून लोक घाबरून पळत सुटतात आणि वाटेत पुन्हा मरतात. खरं तर लांब गेल्यावर चंक थांबतो तसं हे घड्याळही थांबतं. मेल्याचा पडदा समोर असतानाचा वेळ मोजला जातो, म्हणून तिथे विचार करत बसू नका, लगेच पुन्हा जन्म घ्या. पलंग खूप लांब असेल तर त्यानंतर मोजणी थांबलेली असते. ती पुन्हा सुरू होते आपण त्या जागेच्या जवळ पोचल्यावर. सिम्युलेशन अंतर, म्हणजे आपल्याभोवती जग चालू राहतं तेवढं अंतर, १० चंक ठेवलं असेल तर ते जवळ म्हणजे १६० ब्लॉक, धावत साधारण अर्धा मिनिट. म्हणजे वाटेत तलवार आणि जेवण जमवायला भरपूर वेळ आहे. सर्व्हरवर मात्र दुसरं कोणी त्या भागात फिरत असेल तर त्याच्यामुळे चंक चालू राहतो आणि पाच मिनिटं सरळ सरतात.

रेडस्टोन

रेडस्टोन म्हणजे खेळातली वीज आणि तारा. इथे एक वेगळं एकक आहे. रेडस्टोन टिक म्हणजे २ साधे टिक, ०.१ सेकंद. रिपीटर म्हणजे संकेत थोडा थांबवून पुढे पाठवणारा भाग; त्याचे चार टप्पे ०.१ ते ०.४ सेकंदांचे. दगडी बटण १ सेकंद दाबलेलं राहतं, लाकडी दीड सेकंद. दार १० सेकंदांनी बंद व्हावं असं वाटत असेल तर पूर्ण ताणलेले २५ रिपीटर लागतील, आणि तेवढी जागा कोणाकडे असते! त्याऐवजी हॉपर वापरा. हॉपर दर ८ टिकांनी एक वस्तू सरकवतो, म्हणजे ०.४ सेकंदाला एक. २५ वस्तू टाका, १० सेकंद. १५० टाका, एक मिनिट. पाच कप्पे भरून ३२० टाकल्या तर १२८ सेकंद.

सर्व्हर दमला तर

वरचं सगळं गणित सेकंदाला २० टिक धरून केलं आहे. यंत्रावर ताण आला की टिक कमी पडतात आणि खेळ ते नंतर भरून काढत नाही. सेकंदाला १० टिक पडत असतील तर दिवस ४० मिनिटांचा होतो, फर्नेस २० सेकंद घेते. म्हणून २० ने भागायच्या जागी खरा वेग घालायचा: टिक भागिले वेग, बरोबर सेकंद.

वेग मोजायला सोपी चाचणी आहे. एक चेस्ट वर, मधे हॉपर, खाली दुसरी चेस्ट. वरच्या चेस्टमध्ये ६४ दगड टाका आणि फोनचं स्टॉपवॉच लावा. सगळे खाली यायला २५ ते २६ सेकंद लागले तर वेग ठीक. ५१ लागले तर खेळ निम्म्या वेगाने चालला आहे. दहा वेळा तक्रार करण्यापेक्षा हा एक आकडा सर्व्हर चालवणाऱ्याला सांगा, त्याला लगेच कळेल.

दुसऱ्या खेळांत

पद्धत तीच, आकडे वेगळे. टेरारियात खेळातलं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद. पूर्ण दिवस-रात्र २४ मिनिटांत होते, म्हणजे बरोबर एक घटका: पहाटे ४:३० ते संध्याकाळी ७:३० हा दिवस १५ मिनिटांचा आणि रात्र ९ मिनिटांची. तिथे सेकंदाला टिक ६० असतात, म्हणून माइनक्राफ्टचा २० चा भागाकार तिथे नेऊ नका. फॅक्टोरिओतही ६० च. त्याचा दिवस २५,००० टिकांचा, म्हणजे ७ मिनिटांना तीन सेकंद कमी. व्हॅलहाइमचा दिवस ३० मिनिटांचा. डोन्ट स्टार्व्हचा ८ मिनिटांचा, त्यात अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे १६ भाग. जीटीए ५ मध्ये खेळातलं मिनिट २ सेकंदांचं, म्हणून दिवस ४८ मिनिटांचा. स्कायरिममध्ये वेग मुळात २० पट असतो, दिवस ७२ मिनिटांचा.

खेळ नवा असेल किंवा मोड (खेळ बदलणारी जोडणी) टाकून दिवसाची लांबी बदलली असेल तर स्वतः मोजा. खेळातलं घड्याळ एखाद्या पूर्ण तासावर आलं की स्टॉपवॉच सुरू करा, खेळातले चार-पाच तास जाऊ द्या, मेनू उघडू नका, झोपू नका. खेळातले सेकंद भागिले खरे सेकंद, हे गुणोत्तर. मग एखादं भाजायला किंवा उगवायला लावलेलं काम वेगळं मोजा आणि ते झोपेतून पळतं का तेही बघा. मोजणी जिथे खेळणार आहात तिथेच करा. स्टारड्यू व्हॅलीत शेतावर असताना खेळातली १० मिनिटं सुमारे ७ सेकंदांत जातात, स्कल कॅव्हर्नमध्ये उतरलात की त्याच १० मिनिटांना सुमारे ९ सेकंद लागतात.